हॉलच्या साऊंडसाठी साधी टच स्क्रीन कशी आखायची

सांगली-मिरज रस्त्यावरचं मंगल कार्यालय असो, साताऱ्यातल्या शिक्षण संस्थेचं सभागृह असो किंवा साखर कारखान्याचा वार्षिक सभेचा हॉल, मिक्सर (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र) डिजिटल झाला की तो रॅकमध्ये कुलूपबंद होतो आणि त्याचा कारभार एका टॅबलेटवर येतो. हा टॅबलेट व्यवस्थापकाच्या हातात असतो, नाहीतर वायरमनच्या, कधी शिपायाच्या. साऊंडवाला येतो तो मोठ्या कार्यक्रमापुरता. कंपनीचं अ‍ॅप मात्र साऊंडवाल्यासाठीच केलेलं असतं: सोळा फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या), प्रत्येकाला इक्वलायझर (जाड-बारीक सूर जुळवणारा), गेट (ठरल्या पातळीखालचा आवाज अडवणारा), कॉम्प्रेसर (अचानक वाढलेला आवाज दाबणारा), सहा ऑक्स (वेगळ्या स्पीकरला आवाज देणाऱ्या वाटा). भटजींनी "माइकचा आवाज जरा वाढवा" म्हटल्यावर व्यवस्थापकाला त्या गर्दीतून योग्य फेडर शोधायचा असतो, आणि मुहूर्त थांबत नाही.

स्क्रीन आखताना एकच गोष्ट धरून ठेवायची. मिक्सरला काय काय येतं ते स्क्रीनवर दाखवायचं नाही. हॉलमध्ये काय काय करावं लागतं तेवढंच दाखवायचं. खालची सगळी मापं आणि आकडे बेहरिंगरच्या एक्सआर १८ या १६ माइक-इनपुटच्या मिक्सरला धरून दिले आहेत, कारण तो मध्यम हॉलला पुरतो आणि त्याच्याशी बाहेरून बोलायची पद्धत सरळ आहे. मिडास एम ३२ किंवा बेहरिंगरचाच एक्स ३२ असला तरी फेडरचे आकडे हेच लागू पडतात.

आधी कागद, मग टॅबलेट

एका कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसा आणि साऊंडबाबत कोण काय मागतं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. लग्नात यादी साधारण अशी निघते: भटजींचा माइक चालू करा, मंगलाष्टकांसाठी आणखी दोन माइक द्या, सनई लावा, सनई बारीक करा, "एमएच दहाची पांढरी गाडी गेटसमोरून काढा" ही घोषणा, जेवणाच्या हॉलमध्ये आवाज सोडा, तिथला आवाज कमी करा. संस्थेच्या सभेत पोडियम, टेबलावरचे दोन-तीन माइक, प्रेक्षकांत फिरणारा एक कॉर्डलेस आणि लॅपटॉपचा आवाज, बस्स.

या यादीत "गेन", "ऑक्स ३", "मिड फ्रिक्वेन्सी" असले शब्द कुठेच येत नाहीत. म्हणून ते स्क्रीनवरही येता कामा नयेत. यादीतली जी गोष्ट कार्यक्रमात एकदाही हलवावी लागली नाही, ती मिक्सरमध्ये बसवून टाका. साध्या कार्यालयाला मुख्य पानावर पाच-सहा उभ्या पट्ट्या पुरतात. त्या आठांच्या पुढे गेल्या तर पट्ट्या बारीक करण्याच्या नादी लागू नका. दोन माइक एका गटात घाला. मंगलाष्टकांचे दोन माइक नेहमी एकत्रच चालू-बंद होतात, त्यांना एक डीसीए (अनेक माइकांचा आवाज एकत्र हलवणारा सामाईक फेडर) द्या आणि स्क्रीनवर एकच पट्टी ठेवा. एक्सआर १८ मध्ये असे चार डीसीए आहेत.

घोषणेच्या वेळी सनई खाली आणणं हे काम तर माणसाकडे ठेवूच नका. सनईच्या चॅनेलचा (मिक्सरमधल्या तिच्या वाटेचा) गेट "डकर"वर (दुसरा आवाज आला की हा खाली दाबणारी सोय) टाका, त्याची चावी (कोणत्या आवाजानं दाबायचं ते) घोषणेच्या माइकला द्या, रेंज (किती दाबायचं) १२ ते १५ डेसिबल, होल्ड (किती वेळ दाबून ठेवायचं) १ सेकंद, रिलीज (परत वर येण्याचा वेळ) जमेल तितका सावकाश. घोषणा सुरू झाली की सनई आपोआप मागे सरते आणि संपल्यावर हळूच वर येते. स्क्रीनवरचं एक काम कमी झालं. होल्ड फार कमी ठेवला तर दोन शब्दांमधल्या फटीत सनई उसळ्या मारते, म्हणून १ सेकंदाच्या खाली जाऊ नका.

स्लायडरची वरची हद्द मोजून ठरवा

सगळ्या कामात महत्त्वाचं हेच, आणि बहुतेक वेळा सुटतंही हेच. स्क्रीनवरचा स्लायडर पूर्ण वर नेला तरी शिट्टी (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारा कर्कश आवाज) बसता कामा नये. तसं झालं तर तो वापरणारा माणूस निर्धास्त होतो. नाहीतर एकदा शिट्टी बसल्यावर तो पुन्हा स्क्रीनला हात लावायला धजत नाही.

हद्द काढायची पद्धत अशी. हॉल रिकामा असताना, पंखे चालू ठेवून, कार्यक्रमात जितके माइक एकाच वेळी उघडे राहतील तितके सगळे त्यांच्या खऱ्या जागी ठेवा आणि चालू करा. गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते) आणि इक्वलायझर आधीच बसवलेले हवेत. बोलण्याच्या माइकला १०० ते १२० हर्ट्झचा लो-कट लावा, म्हणजे पोडियमवर हात आपटल्याची धडधड आणि पंख्याची घरघर कापली जाते. मुख्य फेडर (सगळ्यांचा एकत्र आवाज ठरवणारा) एका जागी पक्का करा. आता एकेका माइकचा फेडर सावकाश वर न्या. आवाजाच्या शेपटीला बारीक "ऊंऽऽ" ऐकू आली की थांबा, आकडा लिहा आणि त्यातून ६ डेसिबल वजा करा. उरला तो त्या माइकचा माथा.

रिकाम्या हॉलमध्येच का, तर माणसं आणि कपडे आवाज शोषतात. भरल्या हॉलमध्ये थोडी आणखी सूट मिळते, ती पदरात राहू द्या. आणि सगळे माइक उघडे ठेवूनच का, तर उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची जागा ३ डेसिबलनं घटते. एकाच माइकवर हद्द काढली आणि कार्यक्रमात चार उघडले, तर राखून ठेवलेले ६ डेसिबल तिथेच संपले.

समजा भटजींचा माइक अधिक २ डेसिबलला ऊं करू लागला. माथा उणे ४ ठरला. त्याखाली २० डेसिबलची रेंज पुष्कळ झाली, म्हणजे तळ उणे २४. स्क्रीनवर डेसिबल दाखवू नका. ० ते १० आकडे दाखवा, प्रत्येक आकडा २ डेसिबलचा. मिक्सरला मात्र फेडरची जागा ० ते १ यांच्यामधल्या दशांशात पाठवावी लागते, आणि त्या दशांशाची चाल सगळीकडे सारखी नाही. ०.५ ते १ या वरच्या भागात एका पूर्ण एककामागे ४० डेसिबल आहेत, ०.२५ ते ०.५ या भागात ८०. त्यामुळे आकडे असे बसतात:

१० = ०.६५० (उणे ४ डेसिबल)
९ = ०.६००
८ = ०.५५०
७ = ०.५०० (उणे १०)
६ = ०.४७५
५ = ०.४५०
४ = ०.४२५
३ = ०.४००
२ = ०.३७५ (उणे २०)
१ = ०.३५०
० = ०.३२५ (उणे २४)

सातच्या वर एका पायरीला ०.०५० आणि सातच्या खाली ०.०२५, हे नीट पाहून ठेवा. सरसकट ०.०५० ची पायरी लावली तर सातच्या खाली दर दाबाला ४ डेसिबल पडतात आणि "एकदम कमी झाला हो" अशी तक्रार येते. प्रत्येक माइकची हद्द वेगळी निघेल, म्हणून हा तक्ता माइकगणिक करावा लागतो. ० डेसिबलची जागा ०.७५, उणे ३० ची ०.२५, अधिक १० ची १, एवढं ध्यानात ठेवलं की मधले आकडे काढता येतात. पट्टी डीसीएची असेल तर तिच्या आतल्या माइकांचे फेडर आधी एका जागी पक्के करा आणि हद्द डीसीएवरच काढा.

कार्यक्रम सुरू करताना सगळ्या पट्ट्या ७ वर ठेवा. वर तीन पायऱ्या मोकळ्या, खाली सात.

मुख्य फेडर स्क्रीनवर द्यायचा की नाही, यावर आमचं मत स्पष्ट आहे: देऊ नका. एक माइक कमी पडला की माणूस मुख्य फेडर वर करतो, मग बाकीचे सगळे माइक त्यांच्या माथ्याच्या पलीकडे जातात आणि मोजलेली हद्द फुकट जाते. द्यायचाच झाला तर मोजणीच्या वेळच्या जागेपासून फक्त खाली येईल असा द्या.

स्लायडर की बटणं

उभा स्लायडर दिसायला चांगला, पण त्याची एक खोड आहे. बोट टेकलं तिथे आकडा उडी मारतो. पट्टी ३ वर असताना बोट चुकून ९ पाशी टेकलं तर क्षणात १२ डेसिबल वाढतात. म्हणून स्लायडर सापेक्ष ठेवा: बोट कुठेही टेकलं तरी आकडा आहे तिथूनच सरकला पाहिजे. ओपन स्टेज कंट्रोल या सॉफ्टवेअरमध्ये (अशा स्क्रीन बनवायचं, पुढे येतंच) फेडरचा "स्नॅप" गुण बंद ठेवला की हे होतं; तशाच टच ओएससी अ‍ॅपमध्ये "रिलेटिव्ह" निवडायचं.

ज्यांना टॅबलेटची सवय नाही त्यांच्यासाठी अधिक आणि उणे अशी दोन बटणं उत्तम. एक दाब, एक पायरी. बटण दाबून धरलं तरी आकडा धावू देऊ नका, दर दाबाला एकच पायरी. आवाज किती वाढवला हे बोटांवर मोजता येतं, आणि फोनवरून "दोनदा अधिक दाब" असं सांगताही येतं.

बटणाची बाजू किमान १५ मिलिमीटर ठेवा. अँड्रॉइडच्या शिफारशीतलं ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) हे माप सुमारे ९ मिलिमीटर भरतं, पण ते बसून हातात धरलेल्या फोनसाठी ठीक आहे. इथे माणूस उभा असतो, एका हातात हार-नारळाचं ताट असतं आणि नजर स्टेजकडे. दोन बटणांत ४ मिलिमीटर फट सोडा. अधिकचं बटण वर आणि उण्याचं खाली, मध्ये ठळक आकडा. शेजारी शेजारी ठेवली तर घाईत उलटं दाबलं जातं.

चालू-बंदचा घोळ

बटणावर "बंद" असं लिहिलंय. याचा अर्थ माइक बंद आहे, की दाबलं तर बंद होईल? निम्मे लोक एक समजतात, निम्मे दुसरं. म्हणून बटणावर फक्त माइकचं नाव लिहा आणि खाली पूर्ण वाक्यात स्थिती सांगा: "चालू आहे" किंवा "बंद आहे". क्रियापद आलं की शंका उरत नाही.

रंग हिरवा आणि राखाडी ठेवा, हिरवा आणि लाल नको. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक गावात आहेत, आणि मिक्सरच्या जगात लाल म्हणजे म्यूट, तर बाहेर रेकॉर्डिंग चालू असल्याची खूणही लालच. शिवाय बंद बटण नुसतं फिकट करून भागत नाही. त्याची कडा तुटक ठेवा किंवा माइकवर काट मारलेलं चित्र द्या, म्हणजे रंग न दिसताही कळतं.

आणखी एक तांत्रिक खाचखळगा. एक्सआर १८ ला "म्यूट" असा निरोप पाठवायचा नसतो. चॅनेल "ऑन" आहे का, एवढंच तो ओळखतो. १ म्हणजे माइक चालू, ० म्हणजे बंद. बटण बनवताना "म्यूट" म्हणून नाव दिलं आणि दाबल्यावर १ पाठवला की सगळं उलटं चालतं. म्यूट गटांचं (एकत्र म्यूट होणाऱ्या चॅनेलांचं) मात्र विरुद्ध आहे, तिथे १ म्हणजे गट म्यूट. दोन्ही एका स्क्रीनवर असतील तर प्रत्येक बटण हातानं तपासा.

"सगळे माइक बंद" हे बटण उजव्या वरच्या कोपऱ्यात एकटं ठेवा, आजूबाजूला बोटभर मोकळी जागा सोडून. ते दाबताक्षणी चाललं पाहिजे, कारण शिट्टी बसल्यावरच लोक तिकडे धावतात. पुन्हा उघडताना मात्र एक सेकंद दाबून धरायला लावा. लग्नाचा साऊंड सभेच्या साऊंडवर बदलणारी बटणं, म्हणजे मिक्सरच्या सगळ्या जुळणीचे साठवलेले स्नॅपशॉट, दुसऱ्या पानावर न्या आणि दोन सेकंद दाबून धरायला लावा. मंगलाष्टकं चालू असताना चुकून "सभा" दाबलं गेलं तर सगळे माइक एकदम बदलतात. फँटम पॉवरचं (मिक्सरमधून माइकला जाणाऱ्या विजेचं) बटण कुठेच नको. चालू माइकवर ते दाबलं की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

नावं आणि अक्षरं

कॉर्डलेस माइक नेहमी अदलाबदल होतात. "कॉर्डलेस १" आणि "कॉर्डलेस २" कोणता, हे तिसऱ्या मिनिटाला कुणालाच आठवत नाही. माइकच्या दांड्याला रंगीत चिकटपट्टी लावा आणि स्क्रीनवर तेच नाव द्या: "पिवळा माइक", "निळा माइक". लाल आणि हिरवी चिकटपट्टी टाळा, ते रंग चालू-बंदच्या खुणेत मिसळतात. जागेवर पक्क्या असलेल्या माइकला जागेचं नाव: "पोडियम", "भटजी", "टेबल डावीकडचं". डावं-उजवं प्रेक्षकांकडून की स्टेजवरून, हे एकदा ठरवून स्क्रीनच्या वरच्या कडेला छोटं स्टेजचं चित्र काढा, वाद मिटतो.

देवनागरी अक्षरांना रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी-रफार, खाली उकार. बटणाची उंची इंग्रजी नावं पाहून ठरवली असेल तर "टेबलावरचा" चालतं, पण "सूत्रसंचालक" मधले दीर्घ ऊकार आणि "त्र" बटणाच्या कडेत कापले जातात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सोय वापरू नका, शिरोरेघ तुटते. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, ठळक, आकार टॅबलेटवर किमान २० पॉइंट. ज्या साधनात स्क्रीन बनवताय त्यात जोडाक्षरं नीट जुळतात का, ते "प्रेक्षागृह" आणि "अध्यक्ष" हे दोन शब्द लिहून आधी पाहून घ्या. मिक्सरच्या आतली चॅनेलची नावं रोमनमध्येच राहू द्या. ती बाहेरून येणाऱ्या साऊंडवाल्यासाठी.

कार्यालयात दिवसा ऊन आत येतं, तिथे पांढरट पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं. नाट्यगृहात विंगेत उभं राहून वापरायची स्क्रीन काळी, मंद उजेडाची. नाहीतर प्रेक्षकांना विंगेत चेहरा उजळलेला दिसतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान साडेचारास एक हवा. पिवळं अक्षर पांढऱ्यावर हा निकष कधीच पार करत नाही, म्हणून "पिवळा माइक" हे नाव काळ्यात लिहा आणि शेजारी पिवळी चौकट द्या.

स्क्रीन खोटं बोलू नये

मिक्सर आणि टॅबलेट यांच्यातलं बोलणं ओएससी या निरोपांच्या पद्धतीनं, यूडीपी या नेटवर्कच्या वाटेनं चालतं. एक्सआर १८ ऐकतो पोर्ट १००२४ वर, एक्स ३२ ऐकतो १००२३ वर. यूडीपीत निरोप पोचल्याची पावती मिळत नाही. बटण दाबलं, रंग हिरवा झाला, पण निरोप हवेतच विरला, असं सहज होतं. मग माणूस हिरव्या बटणाकडे बघत राहतो आणि भटजी हात हलवत राहतात.

उपाय असा: दाबल्यावर रंग लगेच बदलू देऊ नका. किंमत (फेडरचा दशांश किंवा चालू-बंदचा १/०) पाठवा, आणि पाठोपाठ तोच पत्ता (कोणत्या चॅनेलची कोणती गोष्ट ते सांगणारं नाव) किंमत न जोडता पाठवा. नुसता पत्ता मिळाला की मिक्सर सध्याची किंमत कळवतो. ते उत्तर आल्यावरच रंग बदला. केबलवर हे इतकं झटपट होतं की डोळ्याला कळतही नाही. अर्ध्या सेकंदात उत्तर आलं नाही तर निरोप आणखी एकदा पाठवा.

दुसऱ्या टॅबलेटवरून झालेला बदल दिसावा म्हणून मिक्सरला "एक्स-रिमोट" निरोप पाठवावा लागतो. त्याची मुदत १० सेकंद. दर ८ सेकंदांनी तो पुन्हा जाईल असं घड्याळ लावा. हे राहिलं तर पहिले काही क्षण सगळं बरोबर दिसतं आणि मग स्क्रीन जुनीच स्थिती दाखवत बसते. दोष शोधणाऱ्याला हेच फार छळतं. स्क्रीन उघडताक्षणी सगळ्या पट्ट्यांची स्थिती एकदा विचारून घ्या. १२ सेकंदांत मिक्सरकडून काहीच आलं नाही तर अख्खी स्क्रीन राखाडी करा आणि मोठ्या अक्षरात लिहा: "मिक्सरशी संपर्क नाही. आवाज आहे तसाच चालू राहील." दुसरं वाक्य गाळू नका, ते वाचून माणूस घाबरत नाही.

मीटर (आवाजाची पातळी दाखवणारे) सोळा नकोत. प्रत्येक पट्टीवर एक ठिपका पुरे, त्या माइकमध्ये आवाज येत असेल तर तो उजळतो. उंबरठा उणे ४० डेसिबलच्या आसपास. हा ठिपका फेडर आणि म्यूटच्या आधीचा घ्या, मग निदान सोपं होतं. बोलतायत आणि ठिपका उजळत नाही: सेल गेला, माइकचं बटण बंद किंवा वायर तुटली. ठिपका उजळतो, बटण हिरवं आहे, तरी हॉलमध्ये आवाज नाही: अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरची लाइन. या दोन ओळी स्क्रीनच्या तळाशी कायम छापून ठेवा.

कशात बनवायची

दोन मार्ग बरे. मिक्सिंग स्टेशन या अ‍ॅपमध्ये स्वतःची मांडणी करता येते, मीटर आयते मिळतात, तासाभरात काम होतं. हद्दी, दाबून धरायची बटणं आणि उत्तरावर बदलणारा रंग हे सगळं आपल्या मनासारखं हवं असेल तर ओपन स्टेज कंट्रोल. ते मोफत आहे, रॅकमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतं आणि टॅबलेटवर नुसता ब्राउझर उघडायचा. टॅबलेट फुटला तर दुसरा कोणताही चालतो. मीटरसाठी मात्र तिथे थोडं प्रोग्रामिंग करावं लागतं, कारण मिक्सर मीटरची माहिती बंद पुडक्यात पाठवतो आणि ते सोडवून घ्यावं लागतं.

टॅबलेट दहा इंची, आडवा. स्क्रीन पिनिंग (टॅबलेट एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणारी सोय) चालू करा, सूचना बंद, आपोआप उजेड बदलणं बंद. चोवीस तास चार्जरवर राहिलेल्या टॅबलेटची बॅटरी फुगते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर वापरा, नसेल तर चार्जरला टायमर लावा.

नेटवर्क आणि वीज

मिक्सरच्या आतला वायफाय लग्नात वापरू नका. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यावर फार तर चार जण जोडले जातात, आणि पाचशे वऱ्हाडी आत आले की प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच पट्ट्यात ओरडत असतो. वेगळा राउटर घ्या, मिक्सर त्याला केबलनं जोडा, टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, चॅनेल ३६ ते ४८ मधलं. त्या राउटरला इंटरनेट जोडू नका आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका. पाहुणा फुकट वायफाय समजून जोडला जातो. मिक्सरचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाका. स्क्रीन भिंतीवर पक्की बसवायची असेल तर वायफाय सोडून द्या, केबल ओढा.

वीज जाऊन जनरेटरवर यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यानं मिक्सर पुन्हा सुरू होतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मिक्सर, राउटर आणि रास्पबेरी पाय या तिघांना पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर घालू नका. अ‍ॅम्प्लिफायर शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद, हा क्रम पॉवर सीक्वेन्सरनं (ठरलेल्या क्रमानं वीज देणाऱ्या उपकरणानं) बांधला तर उत्तम.

रात्री दहा

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आतच वापर असेल तेवढीच सूट. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. लॉनवरचे स्पीकर म्हणूनच वेगळ्या ऑक्सवर घ्या, स्क्रीनवर त्यांची वेगळी पट्टी करा: "बाहेरचा आवाज". वर कोपऱ्यात मोठं घड्याळ. पावणेदहाला पट्टी केशरी व्हावी, दहाला ती बंद व्हावी. आतल्या हॉलला हात लागत नाही, त्यामुळे वाद होत नाही.

बैठकीसाठी वेगळं पान

मिरजेत सतार-तंबोरे घडतात आणि या भागात बैठकीचा कान जुना आहे. गायनाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपेक्षा स्टेजवरच्या मागण्या जास्त: "तंबोरा द्या थोडा", "पेटी कमी करा". इथे प्रत्येक कलाकाराचा एक मॉनिटर (त्याच्यासमोरचा, त्यालाच ऐकू यावा असा स्पीकर), म्हणजे एक ऑक्स, आणि प्रत्येकाच्या पानावर चारच ओळी: स्वतःचा आवाज, तंबोरा, तबला, पेटी. पानाच्या माथ्यावर कलाकाराची जागा लिहा: "गायक", "तबला", "पेटी". पान बदललंय हे लगेच कळावं म्हणून प्रत्येक पानाची पार्श्वभूमी वेगळी छटा घेऊ द्या, नाहीतर गायकासाठी वाढवलेला तंबोरा तबलजीच्या मॉनिटरमध्ये जातो. मॉनिटर माइकच्या जवळ असल्यानं शिट्टीची हद्द इथे पुन्हा काढावी लागते, हॉलची हद्द चालत नाही. तंबोऱ्याच्या माइकचा गेन जास्त असतो, म्हणून त्याचा माथा सगळ्यात खाली येतो. फिरायला तीन डेसिबलचीच जागा उरली, तरी ती तशीच ठेवा.

चाचणी

स्क्रीन तयार झाली की ती रोज वापरणार आहे त्याच माणसाच्या हातात द्या आणि गप्प राहा. पाच कामं सांगा: भटजींचा माइक चालू कर, तो थोडा वाढव, सनई बंद कर, निळ्या माइकचा आवाज येत नाहीये, काय झालंय ते बघ, सगळं एकदम बंद कर. चौथ्या कामाआधी निळ्या माइकचा सेल काढून ठेवा. बोट जिथे हवेत थबकतं तिथलं नाव किंवा जागा चुकली आहे. समजावून सांगू नका, स्क्रीन बदला.

मग ओल्या हातानं करून पाहा, आणि हळदीच्या हातानंही. ओलं बोट टेकलं की काचेवर दोन-तीन जागी स्पर्श झाल्याचं टॅबलेटला वाटतं. शेजारची बटणं दाबली जात असतील तर फट ४ वरून ६ मिलिमीटर करा आणि दोन बोटांचा एकत्र स्पर्श दुर्लक्षित करा. दुपारी बाराला खिडकीशी उभं राहून वाचता येतं का बघा. राउटरची केबल काढा, राखाडी स्क्रीन आणि वाक्य येतं का बघा, पुन्हा लावा, सगळ्या पट्ट्या खऱ्या स्थितीला येतात का बघा. मिक्सर बंद-चालू करून हेच पुन्हा.

शेवटी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिक चढवलेला कागद चिकटवा: मिक्सरचा आयपी पत्ता, राउटरचं नाव, कोणत्या स्नॅपशॉटचा कोणता क्रमांक, कोणता माइक कोणत्या चॅनेलवर आणि प्रत्येक माइकचा मोजलेला माथा. स्क्रीनची फाइल एका पेन ड्राइव्हवर त्याच कपाटात. आणि रॅकच्या समोर, हाताला येईल अशा जागी, अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइनचा साधा एमसीबी, त्यावर मराठीत "साऊंड बंद".